दोन गिझर, एकच लाईन: चेंजओव्हर स्विच कसा जोडतात आणि त्यात न्यूट्रलही का बदलायचा असतो

ठाणे-नवी मुंबईत घरातलं इलेक्ट्रिक हीटिंग म्हणजे गिझर, दुसरं काय. रूम हीटर लावण्याएवढी थंडी पडलीच तर येऊरच्या पायथ्याला चार दिवस, तेवढं स्वेटरवर निभतं. गिझर मात्र घरोघरी, आणि हल्ली एक नाही तर दोन. बाथरूममध्ये १५ लिटरचा स्टोरेज आणि किचनमध्ये किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये ३ लिटरचा इन्स्टंट. ठाण्यात बऱ्याच नव्या बिल्डिंगांच्या गच्चीवर सोलर असतं, पण पावसाळ्यात त्यातून कोमट पाणी आलं तरी नशीब, त्यामुळं सोलरवाल्यांकडेही गिझर असतोच.

आता घोळ कुठे होतो तर घर बांधताना डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन बोर्डापासून, गिझरची लाईन एकच काढलेली असते. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेच्या जुन्या सिडको घरांत तर तीही नंतर कोणीतरी ओढलेली. मग दुसरा गिझर येतो, नव्या लाईनीसाठी टाईल्स फोडायची कोणाची तयारी नसते, आणि तो त्याच लाईनीला टॅप मारून जोडला जातो. सकाळी सात वाजता एक बाथरूममध्ये, एक किचनमध्ये, दोन्ही चालू, एमसीबी पडते, म्हणजे करंट जास्त झाला की लाईन आपोआप तोडणारा डीबीतला स्विच.

हिशोब सोपा आहे. स्टोरेज गिझर साधारण २००० वॉटचा, इन्स्टंट ३००० वॉटचा. वॉटला २३० व्होल्टनं भागा, पहिला ८.७ अँपिअर घेतो, दुसरा १३. दोन्ही मिळून जवळजवळ २२ अँपिअर आणि लाईनीवर एमसीबी १६ ची. ती पडणारच, तिचं कामच ते आहे. पण लोकांना वाटतं एमसीबी खराब आहे, मग कोणीतरी १६ काढून ३२ ची बसवून देतो, सगळे खूष, आणि भिंतीतली २.५ स्क्वेअर एमएमची वायर रोज सकाळी तापत राहते. एमसीबी वायरीला वाचवायला असते हो, गिझरला नाही. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी करणं याच्याइतकं वाईट काम घरातल्या वायरिंगमध्ये दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डीबीपासून दुसऱ्या गिझरला स्वतंत्र लाईन, स्वतंत्र एमसीबी, आणि लागलं तर महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घेणं. मंजूर भार किती आहे ते वीजबिलावरच छापलेलं असतं, एकदा बघा, बऱ्याच जुन्या घरांचा आकडा बघून हसू येईल. हे जमत असेल तर इथेच थांबा आणि तेच करा. ज्यांना जमत नाही, भाड्याचं घर आहे, नवंकोरं इंटिरियर आहे, मेनवरच जागा नाही, त्यांच्यासाठी चेंजओव्हर. म्हणजे एका वेळी एकच गिझर चालेल, दोन्ही कधीच नाही, आणि ते कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही, स्विचची रचनाच तशी. नाहीतर "मी चालू केलाय, तू करू नकोस" असं बाथरूममधून ओरडून किती दिवस चालणार.

चेंजओव्हर म्हणजे काय हे ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं जाणाऱ्याला चटकन कळेल. तुर्भ्यापर्यंत गाडी एकाच लाईननं येते, पुढे ती सानपाडा-वाशीकडे तरी जाते नाहीतर जुईनगर-नेरूळ करत पनवेलकडे. दोन्हीकडे एकदम नाही. आणि सांधा बदलताना दोन्ही रूळांची पाती एकत्रच सरकतात, एकच सरकलं तर गाडी खाली उतरेल. चेंजओव्हर स्विचमध्ये हेच आहे, आणि पोल म्हणजे ते रूळ. एका वेळी किती वायरी बदलल्या जातात तेवढे पोल. फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, बदलला तर सिंगल पोल, फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, दोन्ही बदलले तर डबल पोल, थ्री फेजच्या तिन्ही वायरी आणि न्यूट्रल मिळून फोर पोल. बाजू दोन, मध्ये शून्य. नॉब एकवर, शून्यावर किंवा दोनवर. एककडून दोनकडे जाताना आधी एक पूर्ण सुटतो आणि मगच दोन जोडला जातो, हा त्याचा मुख्य गुण, आणि तो साध्या टू-वे बटणात धरून चालायचं नाही. जिन्याचं टू-वे बटण घेऊन गिझरचा चेंजओव्हर केलेला आहे लोकांनी, ६ अँपिअरचं बटण, १३ अँपिअरचा लोड, पुढचं सांगायला नको.

आता खरा वादाचा मुद्दा. वायरमन हमखास म्हणतो, "साहेब, न्यूट्रलला काय होतंय, फेज फिरवू, न्यूट्रल दोघांचा कॉमन ठेवू, स्वस्तात होईल." आणि तसं केलं तर दोन्ही गिझर चालतात, त्यामुळं तो खोटं बोलत नाही. पण तरीही नको म्हणा, डबल पोलच लावा, आणि का ते समजून घ्या कारण वायरमन तुमच्याशी वाद घालणार.

गिझरचं एलिमेंट म्हणजे धातूच्या नळीत भरलेली तापणारी तार, मध्ये पांढरी पावडर, मॅग्नेशियम ऑक्साईडची. नळीला बारीक भोक पडलं की पावडर पाणी ओढते आणि तार हळूहळू गिझरच्या बॉडीकडे, म्हणजे अर्थिंगकडे गळती करायला लागते. बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी आणि क्षार साचलेलं एलिमेंट ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. घरात आरसीसीबी असेल, जिला लोक ईएलसीबी म्हणतात, तर ती फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सगळं घर बंद. आता समजा बाथरूमचा गिझर असा खराब झालाय आणि तुमचा चेंजओव्हर सिंगल पोल आहे. तुम्ही नॉब किचनकडे फिरवला, बाथरूमच्या गिझरचा फेज तुटला, पण त्याचा न्यूट्रल अजून जोडलेलाच आहे. मग किचनचा गिझर किंवा एसी चालू केला की न्यूट्रलमधून परत येणाऱ्या करंटचा थोडा भाग त्या खराब एलिमेंटमधून अर्थमध्ये जातो, आणि आरसीसीबी पडते. गिझर बंद आहे, तरी पडते! मग इलेक्ट्रिशियन येतो, एसी बघतो, फ्रिज बघतो, पंखे बघतो, आणि "बंद असलेल्या" गिझरकडे कोणी बघत नाही. डबल पोल असेल तर नॉब फिरवला की खराब गिझर दोन्ही वायरींनी सुटतो आणि बाकीचं घर चालू राहतं.

दुसरं कारण जुन्या घरांतलं. कुठेतरी मागच्या मालकाच्या काळात फेज-न्यूट्रल उलटे झालेले असतात आणि ते कोणाला माहीत नसतं कारण बल्ब आणि पंखे उलट्या जोडणीतही चालतात. अशा लाईनीवर सिंगल पोल टाकला तर तुम्ही तोडताय न्यूट्रल, आणि गिझरमध्ये फेज तसाच बसून आहे, पाणी गार, सगळे निश्चिंत. बाथरूममध्ये ओल्या हाताने असा जुगार कशाला.

स्विच कुठला घ्यायचा? एमसीबी बसते तशा पट्टीवर बसणारा, डबल पोल, एक-शून्य-दोन असा, ३२ किंवा ४० अँपिअरचा. आपला लोड १३ चाच आहे पण मोठा घेतला की टर्मिनल, म्हणजे वायर स्क्रूनं आवळायच्या जागा, मोठी मिळतात, कमी तापतो, फरक फार नसतो. आयएसआय किंवा आयईसी मार्किंग आहे का ते बघा. मुंबईच्या लोहार चाळीतून आणा नाहीतर ठाण्याच्या गोखले रोडवरच्या दुकानातून, पण बॉडीच्या बाजूला छापलेली आकृती दुकानातच बघून घ्या कारण प्रत्येक कंपनीची टर्मिनलची मांडणी वेगळी आहे, कोणाचा कॉमन खाली, कोणाचा वर, आणि काहींमध्ये कॉमन आतून जोडलेला नसतो, बाहेरून लिंक टाकावी लागते. आकृती न बघता "सगळे सारखेच असतात" म्हणणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जोडणी अशी. डबल पोलमध्ये हिशोबाने सहा टोकं: कॉमनची दोन, एक बाजूची दोन, दोन बाजूची दोन. डीबीतल्या १६ च्या डबल पोल एमसीबीतून निघालेले फेज आणि न्यूट्रल कॉमनला. एक बाजूला बाथरूमच्या गिझरचे फेज-न्यूट्रल, दोन बाजूला किचनच्या गिझरचे. डावं-उजवं सगळीकडे सारखं ठेवायचं, कॉमनला फेज डावीकडे तर दोन्ही बाजूंनाही फेज डावीकडेच, कारण एका पोलमधली तीन टोकं आपसातच जोडली जातात. फेजला लाल, न्यूट्रलला काळी. आणि अर्थ, म्हणजे हिरवी वायर, या स्विचमधून कधीही न्यायची नाही. दोन्ही गिझरचा अर्थ थेट अर्थ बारला, न तुटता, नॉब कुठेही असो. खराब झालेला गिझर सुटलेला असतानाही त्याची बॉडी अर्थलाच राहायला पाहिजे.

इथे एक मेख आहे. हा स्विच मुळात दोन सप्लाय आणि एक लोड यासाठी बनवलेला, म्हणजे एकीकडे महावितरण, दुसरीकडे जनरेटर, मध्ये घर. आपण तो उलटा वापरतोय, एक सप्लाय आणि दोन लोड. कॉन्टॅक्टना त्याने फरक पडत नाही, करंट दोन्ही दिशेनं जातो. पण नेहमीच्या वापरात शून्यावर ठेवलं की कॉमन मेलेला असतो, आपल्या वापरात शून्यावरही कॉमनच्या दोन टोकांना २३० व्होल्ट असतात! म्हणजे "शून्यावर आहे" म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालू नका, आधी एमसीबी पाडा. बॉक्सच्या आत मार्करने तसं लिहून ठेवा, पाच वर्षांनी जो कोणी उघडेल त्याला तुम्ही काय केलं होतं ते माहीत नसणार.

वायर: एमसीबीपासून चेंजओव्हरपर्यंत ४ स्क्वेअर एमएम तांब्याची मिळाली तर उत्तम, पुढे प्रत्येक गिझरला २.५ चालते कारण एका वेळी १३ च्या वर काही जाणार नाही आणि मागे १६ ची एमसीबी राखणीला आहे. लाईन जुनी ॲल्युमिनियमची असेल तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊच नका. स्विचचा बॉक्स बाथरूमच्या बाहेर, हात कोरडे असतील अशा जागी. नॉबवर एक-दोन न लिहिता "बाथरूम - बंद - किचन" अशी पट्टी चिकटवा, घरात आजी-आजोबा आहेत, पाहुणे येतात.

आता टर्मिनलबद्दल जरा जास्त लिहितो कारण मी जळालेले जेवढे स्विच बघितलेत त्यातले बहुतेक करंटनं नाही, ढिल्या स्क्रूनं जळालेत. आपली घरातली वायर बारीक तारांची असते. इन्सुलेशन सोलून नुसतीच पिळून टर्मिनलमध्ये कोंबली की काही तारा स्क्रूखाली जातात, काही बाजूला निसटतात. समजा त्या जोडात ०.१ ओहमचा अडथळा राहिला. १३ अँपिअरचा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॉट उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत. आधी वायरीचं टोक तपकिरी होतं, मग इन्सुलेशन कडक होऊन मागे सरकतं, मग प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि जळका, थोडा मासळीच्या वळणाचा वास यायला लागतो. लोक किचनमध्ये शोधत बसतात. खाडीकडच्या घरांत, ऐरोली-वाशीच्या बाजूला, दमट खाऱ्या हवेनं तांब्याला हिरवट थर चढतो आणि हे जास्त लवकर होतं. म्हणून प्रत्येक टोकाला पिन लग, म्हणजे सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची टोपी, दाबून घ्या, लगचं काम नीट पक्कडीनं, दातांनी नव्हे, आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. एका टर्मिनलमध्ये दोन वायरी कोंबू नका.

चालू करण्याआधी एक टेस्ट आहे, वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्या, साधा मल्टिमीटर लागतो. मेन बंद, गिझरची एमसीबी बंद, दोन्ही गिझरची आपली बटणं मात्र चालू स्थितीत. मीटर ओहमवर, दोन प्रोब कॉमनच्या फेज आणि न्यूट्रलवर. नॉब शून्यावर असेल तर मीटरनं काहीच दाखवायला नको, सर्किट उघडं. नॉब २००० वॉटवाल्याकडे नेला की साधारण २६ ओहम, ३००० वॉटवाल्याकडे नेला की साधारण १८ ओहम. हे आकडे कुठून आले तर २३० चा वर्ग भागिले वॉट. थोडं इकडेतिकडे चालेल. पण कुठल्याही स्थितीत ११ च्या आसपास आलं तर दोन्ही गिझर एकदम जोडले गेलेत, म्हणजे कुठेतरी टॅप राहिलाय. शून्य आलं तर शॉर्ट आहे, चालू करूच नका. दोन्ही बाजूंना काहीच आलं नाही तर आकृती परत बघा, बहुतेक कॉमनची लिंक राहिली असेल. ५ मिनिटांत सगळं कळतं आणि एकदाही करंट सोडावा लागत नाही. लाल दिव्याचा टेस्टर यासाठी उपयोगाचा नाही, तो फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल तुटलाय की नाही ते त्याला कळत नाही.

एवढं झाल्यावर लोकांचा पुढचा प्रश्न येतो की मग इन्व्हर्टरच्या चेंजओव्हरवर गिझर टाकू का. नाही. घरगुती इन्व्हर्टर ७००-८०० वॉटचा, गिझर २००० चा, तो लगेच ओव्हरलोड होऊन बंद पडेल. सोसायटीच्या जनरेटरवरही प्रत्येक फ्लॅटला थोडाच लोड दिलेला असतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टर असेल तर गिझरची लाईन त्याच्या चेंजओव्हरच्या आधी, महावितरणच्या बाजूलाच राहू द्या, लाईट गेली तर गिझरही जाईल, आंघोळ थोडी उशिरा.

पण सप्लाय दोन असतील तिथे न्यूट्रलचा मुद्दा सोयीचा राहत नाही, जीवाचा होतो. जनरेटर लावताना दोन्ही वायरी महावितरणपासून तुटल्या नाहीत तर तुमचा करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला तर तो ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि ११ केव्हीच्या लाईनीत हजारो व्होल्ट चढतात, आणि लाईट गेलीय म्हणून तिथे लाईनमन खांबावर काम करत असतो. जनरेटर घराला द्यायला दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार. असल्या कामाला चेंजओव्हरच पाहिजे, आणि घर थ्री फेज असेल तर फोर पोल, ज्यात न्यूट्रल सगळ्यात आधी जोडला जातो आणि सगळ्यात शेवटी सुटतो. कारण न्यूट्रल आधी सुटला आणि फेज जोडलेले राहिले तर तीन फेजमधले लोड आपसात व्होल्टेज वाटून घेतात, एका खोलीत १५०, दुसरीत ३००, आणि टीव्ही, फ्रिज, राऊटर सगळं एकदम गेलं.

थ्री फेजच्या रो हाऊसमध्ये अजून एक प्रकार असतो, फेज सिलेक्टर. पावसाळ्यात फीडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीत, एक फ्यूज उडतो, "एक फेज गेलाय" म्हणतात तो हाच. पूर्वी लोक किटकॅट, म्हणजे चिनीमातीचा जुना फ्यूज, काढून दुसऱ्या खाचेत लावायचे, आता नॉब फिरवतात. हा पण चेंजओव्हरच, फक्त तीन बाजूंचा. एका खोलीच्या दिव्यांसाठी ठीक आहे, पण अर्धी गल्ली गिझरसकट एकाच फेजवर आली की तासाभरात दुसरा फ्यूजही उडतो, मग फिरवायला तिसराच उरतो. शिवाय दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या पुढे असतात, त्यामुळं स्विच हलका असेल आणि आधी सुटणं नीट होत नसेल तर आत थेट फेज टू फेज शॉर्ट. फेज गेला असेल त्या दिवशी गिझर सिलेक्टरवर टाकू नका, बादलीत हीटर तर त्याहून नको, गॅसवर पाणी तापवा.

कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉईलला करंट दिला की आपोआप बदलणारा स्विच, लावून हे सगळं ऑटोमॅटिकही होतं, इन्स्टंट चालू केला की स्टोरेज आपोआप सुटतो, नॉब फिरवायला नको. छान आहे, पण कॉन्टॅक्टरची कॉईल गुणगुणते आणि बिघडली की समजणारा माणूस शोधावा लागतो. २ बीएचकेला नॉब पुरे. स्टोरेजला १५ लिटर २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं लागतात, तो आधी तापवून ठेवायचा आणि मग नॉब किचनकडे. नॉब फिरवायच्या आधी चालू गिझरचं बटण बंद करायची सवय लावा, स्विच चालू लोडवर फिरवता येतो पण ठिणगी कमी पडली तर कॉन्टॅक्ट जास्त टिकतात.

काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः डीबी उघडू नका, वरचं सगळं तुम्हाला समोर उभं राहून बघता यावं म्हणून लिहिलंय. काम झाल्यावर त्याला लगेच सोडू नका. इन्स्टंटचा नळ उघडून १० मिनिटं चालू द्या, मग मेन बंद करून त्याला चेंजओव्हरच्या वायरींना हात लावून बघायला सांगा. किंचित कोमट चालेल, चटका बसला तर स्क्रू परत. आणि महिन्याभराने मेन बंद करून एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्यायला बोलवा, बारीक तारांची वायर लगखाली दबून थोडी सैल पडतेच, त्या फेरीचे पैसे आधीच ठरवून घ्या म्हणजे तो येतो.